फोन नुसता ‘फोटो’ म्हणाला

नईम, तुझ्या मरणाची बातमी बालाजीला कळली नाही. हे तुला दुसरं कुणी सांगेल असं वाटत नाही, म्हणून मी सांगते. बातमी पोचली नव्हती असं नाही. तुला कब्रस्तानात मिट्टी द्यायच्या कितीतरी आधी ती लातूरला पोचली होती. त्या सकाळी बालाजीच्या फोनवर वेगवेगळ्या ग्रुपवरून एकसारखे फोटो येत राहिले आणि दर वेळी त्याचा फोन इमानदारीत सांगत राहिला, ‘फोटो’. त्याच्या पुढं सांगायला फोनजवळ काही नव्हतं. सकाळी सकाळी येतात ते फोटो म्हणजे फुलं आणि सुविचार, असं समजून बालाजीनं ते सगळे पुसून टाकले आणि तो बँकेत कामाला निघून गेला.

तुझा बालाजी. अंध शाळेच्या वसतिगृहात ज्याच्या शेजारच्या खाटेवर तू लहानाचा मोठा झालास, ज्याच्या आईच्या हातच्या धपाट्यांचं कौतुक मला वर्षानुवर्षं ऐकवलंस, तो. तुला मूठभर माती द्यायचा हक्क तुझ्या थोरल्या भावाच्या, सलीमभाईंच्या खालोखाल कुणाचा असेल तर त्याचा होता. आणि तो त्या वेळी काउंटरवर बसून कुणाच्या तरी पासबुकाची चौकशी करत होता.

तुझ्याविषयी काहीतरी चांगलं लिही, असं मला सगळे सांगून राहिले आहेत. तू किती हसरा होतास, अंध असून किती जिद्दी होतास वगैरे. ‘अंध असून’ हे शब्द आले की तू जी शिवी द्यायचास ती इथं लिहिता येणार नाही. मला चांगलं काही सुचत नाही. मला राग आला आहे. लोकांचा आला आहे आणि तुझाही आला आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण तू जिवंत असताना मला कुठं धड रागवू दिलंस? मी चिडले की तू चहा मागवायचास.

नांदेडातल्या आपल्या त्या जिन्याखालच्या ऑफिसात मी वेबसाइटची पानं लिहायची आणि तू ती कानांनी वाचायचास. तू येईपर्यंत मला पान म्हणजे दिसतं तेवढंच वाटायचं. चित्राच्या टॅगमध्ये ‘ऑल्ट’ नावाची एक जागा असते, चित्रात काय आहे ते तिथं शब्दांत लिहायचं असतं, हे मी शिकले होते, पण परीक्षेपुरतं. नुसती खूण असलेल्या बटनाला ‘एरिया लेबल’ लावायचं असतं, म्हणजे भिंगाची खूण असेल तर ‘शोधा’, कचऱ्याच्या डब्याची असेल तर ‘काढून टाका’. डोळ्यांनी बघणाऱ्याला हे शब्द दिसत नाहीत. पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र तेच वाचतो. नाही लिहिले तर तो बिचारा ‘बटन, बटन, फोटो, बटन’ करत बसतो. माझं पहिलं पान तू ऐकलंस आणि हेडफोन काढून म्हणालास, “जयश्री, तुझ्या घरात दारंच दारं हायेत, पाटी एकावर बी न्हाई. संडास कुठला अन् देवघर कुठलं, मला कसं समजावं?” मला राग आला होता. मग मी पाट्या लावायला बसले.

लातूरच्या त्या कोचिंग क्लासच्या पानाचं तर ऑफिसात पुढं किती दिवस चाललं. आपला डिझायनर गणेश तेव्हा नवा होता. मी घाईत त्याला म्हटलं, बटनांची तेवढी एरिया लेबलं भरून टाक. गणेशनं क्लासवाल्यांना फोन लावला आणि विचारलं, सर, तुमचा एरिया कोणता? त्यांनी सांगितला. गणेशनं तो सगळ्या बटनांवर मन लावून भरला. तू ऐकत बसलास. ऐकता ऐकता तुझे खांदे हलायला लागले.

“हे पान लातूरचं हाय ना?” तू विचारलंस.

“हो. का?”

“न्हाई, लई चांगलं समजून राहिलंय. औसा रोड, बटन. औसा रोड, बटन. फी भरायला औसा रोड, बाहेर पडायला बी औसा रोड. पोरगं ॲडमिशनला आलं की त्याला औश्याला नेऊन सोडतेत वाटतं.”

गणेश लाजेनं लाल झाला होता. तू त्याला जवळ बसवून घेतलंस, एक हेडफोन त्याच्या कानात घातलास आणि पूर्ण पान ऐकवलंस. तेव्हापासून बिघडलेल्या पानाला आपल्याकडं ‘औसा रोड’ म्हणायचे. नवीन येणाऱ्यालाही तो किस्सा सांगायचे. मी सुद्धा सांगायचे. गणेशही स्वतःच सांगायचा, आणि सगळ्यात जास्त तोच हसायचा.

आणि भोकरकडच्या त्या संस्थेचं पान! संस्थापकांच्या फोटोच्या ऑल्टमध्ये त्यांच्या सचिवानं स्वतः मजकूर लिहून दिला होता. शिक्षणप्रेमी, गोरगरिबांचे कैवारी, विकासाचा ध्यास घेतलेले आदरणीय दादासाहेब प्रसन्न मुद्रेत. तो फोटो प्रत्येक पानाच्या डोक्यावर. तू म्हणालास, “मी ॲडमिशनची शेवटची तारीख शोधून राहिलो, अन् दादासाहेब दर पानाला नव्यानं प्रसन्न होऊन राहिले.” मी म्हटलं, कडक मेल लिहिते. तू म्हणालास, मेल नको, भोकरला जाऊ. गेलो. तू सचिवाबरोबर बसलास, पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्यास, चहा घेतलास आणि मग फोन त्याच्या कानाला लावून म्हणालास, साहेब, फक्त तारीख शोधून दाखवा. दादासाहेब दोनदा प्रसन्न झाल्यावर सचिवानं हात वर केले. परत येताना एसटीत तू इतका खूश होतास की तुझ्याशेजारी बसवत नव्हतं.

“बघ,” तू म्हणालास, “लोक वाईट न्हाईत गं. त्यांच्या ध्यानात येत न्हाई.”

हाच आपला वाद. हा कधी मिटला नाही. मी म्हणायचे, पहिल्यांदा ध्यानात येत नाही हे कबूल. पण सांगून झाल्यावरही येत नसेल तर?

“दुसऱ्यांदा सांगायचं.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“बिस्कीट बी मागवायचं.”

मी त्या दिवशी अर्धापूरपर्यंत तुझ्याशी बोलले नव्हते. तू आपला केळीच्या गाड्यांचा वास घेऊन मला सांगत होतास, अर्धापूर आलं बरं का.

मला तुझे उपकारही मोजायचे आहेत, नाहीतर हे पत्र नुसतं भांडण होईल. अम्मीच्या गुडघ्यांसाठी दवाखान्याचा नंबर लावायचा होता, आणि त्या दवाखान्याचं पान मी लिहिलेलं होतं. तू घरी बसून, सलीमभाईंना न विचारता, कुणाला फोन हातात न देता नंबर लावलास. दुसऱ्या दिवशी मला म्हणालास, “तुझं पान काल लई शहाण्यासारखं वागलं. पाहिजे तेवढं बोललं अन् गप बसलं.” माझ्या कामाचं इतकं मोठं कौतुक कुणी केलेलं नाही. माझी पदवी, माझा पगार, मालकांनी दिलेली ती काचेची ट्रॉफी, सगळं त्या एका वाक्यावरून ओवाळून टाकावं. तू मला काम शिकवलंस असं मी म्हणत नाही. माझं काम कुणासाठी आहे ते तुझ्यामुळं कळलं.

म्हणूनच आता जे झालं ते मला गिळवत नाही.

सकाळी सलीमभाईंचा फोन आला. तू झोपेतच गेलास. मी धावत तुमच्या घरी आले आणि मिट्टी होईपर्यंत अम्मीजवळ बसून राहिले. तिचा हात सोडून फोन बघायचं भान कुणाला होतं? ऑफिसातून गणेशचा निरोप आला होता की ताई, सगळ्यांना कळवलंय, काळजी करू नका. मला हायसं वाटलं होतं. बालाजी सगळ्या ग्रुपवर आहे, तो निघाला असेल, असं मी धरून चालले.

गणेशनं कळवलं ते असं. त्यानं तुझा ऑफिसातल्या कार्यक्रमातला फोटो घेतला, श्रद्धांजलीचं एक तयार डिझाइन घेतलं, त्यात तुझं नाव, मिट्टीची वेळ, कब्रस्तानाचा पत्ता सगळं सुबक अक्षरांत बसवलं आणि त्याचं एक चित्र करून पाठवून दिलं. बरोबर एक अक्षर लिहिलं नाही. ते चित्र एकानं पुढं पाठवलं, दुसऱ्यानं पुढं पाठवलं. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, जिथं जिथं तुझे शाळासोबती होते तिथं तिथं ते गेलं. ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं, नेमकं त्यांच्याच फोनवर ते मुकं होऊन पडलं. काही जणांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलं. बालाजीला सांगायला कुणी नव्हतं, कारण त्या दिवशी त्याची बायको माहेरी होती.

उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजानंतर पुरुष माणसं तुला घेऊन गेली. परत आल्यावर सलीमभाईंनी मला दारातच विचारलं, “बालाजी नहीं आया?” मी म्हटलं, गाडी चुकली असेल.

दुसऱ्या दिवशी बालाजीनं तुझ्या फोनवर फोन केला. मेसेजला उत्तर देत नाहीस म्हणून तुला झापायला. फोन सलीमभाईंनी उचलला. ते हॅलो म्हणायच्या आधीच बालाजी ओरडला, “काय बे, मेलास का काय?”

सलीमभाई मला हे सांगताना भिंतीला धरून उभे होते. “मैं क्या बोलता, जयश्री? मैं क्या बोलता उसको?”

तुला म्हणून सांगते, मी गणेशला खूप बोलले. सगळ्या ऑफिससमोर बोलले. तो रडत म्हणाला, “ताई, मी मुद्दाम केलं का? कार्डावर त्यांचं नाव टाकताना तीनदा चुकलो मी.” ते खरं होतं. मला माहीत आहे, तो तुझ्यावर जीव टाकायचा, डब्यातली भाजी आधी तुझ्या ताटात वाढायचा. मग म्हणाला, आपला तो भारी मराठी फॉन्ट जुना आहे, त्यातला मजकूर बाहेर काढला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो, म्हणून चित्रच करावं लागतं. अरे, पण खाली साधं टाइप करायला कुणी हात धरला होता? एक ओळ. तू ज्याच्या कानात हेडफोन घालून पूर्ण पान ऐकवलंस, त्याच्या हातून एक ओळ निघाली नाही.

आता सांग, हे ‘ध्यानात येत नाही’ मध्ये बसतं का? तुझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाच्या ध्यानात येत नसेल, तेही तुझ्याच मयतीच्या दिवशी, तर भोकरच्या सचिवाच्या ध्यानात काय येणार? आपला वाद मी जिंकले आहे, नईम. मला तुझं तोंड बघायचं होतं जिंकताना. तू चहा मागवला असतास आणि मी तो फेकून दिला असता.

आणि तुझा राग आला आहे तो याच्यासाठी. तू सगळ्यांना हसवलंस. औसा रोड म्हणून हसवलंस, दादासाहेब म्हणून हसवलंस. तुला वाटलं, हसले म्हणजे शिकले. ते हसण्यावारी नेत होते, अरे. तुझे किस्से त्यांच्या तोंडपाठ आहेत आणि त्या किश्श्यांत तू काय सांगत होतास ते एकाच्याही डोक्यात राहिलेलं नाही. एकदा तरी ओरडायचं होतंस. एकदा तरी टेबलावर हात आपटून म्हणायचं होतंस की मला इथं काही वाचता येत नाही आणि हे विनोदी नाही. तू ओरडला असतास तर लोक तुला चिडका म्हणाले असते, हे मला कळतं. माझ्यासारख्या डोळे असलेलीला चिडणं परवडतं हेही कळतं. तरी राग जात नाही.

पुढचं ऐक. मालकांनी ठरवलं, कंपनीच्या वेबसाइटवर तुझं श्रद्धांजलीचं पान करायचं. ज्या कंपनीनं प्रत्येक गिऱ्हाइकासमोर ‘आमच्याकडं अंध तपासनीस आहे’ म्हणून तुला मिरवलं, तिनं. पान काय, तर गणेशनं केलेलं तेच कार्ड, मोठं करून. मी म्हटलं, सर, यातला सगळा मजकूर टाइप करून टाकू आणि फोटोला ऑल्ट लिहू. सर म्हणाले, “जयश्री, कार्ड लई भारी झालंय. टाइप केलं की त्याची मजा जाते. अन् त्याच्यासारखे असे किती जण बघणार हायेत?”

त्याच्यासारखे. तुझ्या श्रद्धांजलीच्या पानावर, तुझ्यासारखे किती जण बघणार.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. हे पान असं चढणार असेल तर मी या ऑफिसात बसणार नाही, एवढं म्हटलेलं आठवतं. सर नरमले. म्हणाले, बरं बाई, तुला पाहिजे तसं कर. पण त्यांच्या चेहऱ्यावर ‘दुःखात आहे, सोडून द्या’ असा भाव होता. मी बरोबर आहे म्हणून त्यांनी ऐकलं नाही, बाई रडते आहे म्हणून ऐकलं. पान मी केलं. साधी अक्षरं, वाचता येणारी. ते करताना एकदाही समाधान वाटलं नाही, कारण ज्यानं ते ऐकून नाक मुरडावं तो नाही, आणि ज्याच्यापर्यंत ते वेळेवर पोचायला हवं होतं त्याची वेळ निघून गेली आहे.

म्हणून रविवारी मी लातूरला बालाजीकडं गेले. मनात होतं, माफी मागावी. कुणाच्या वतीनं ते ठरत नव्हतं.

तो बाहेरच्या खोलीत बसला होता. त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि ती आत गेली. मी सुरुवात केली, बालाजी, हे सगळं जे झालं... त्यानं मला मधेच तोडलं.

“त्या फोटोत काय होतं?”

“काय म्हणजे?”

“मी जे पुसलं त्यात काय लिवलं होतं? तू डोळ्यांनी बघितलंस ना? वाच मला.”

मी फोनवर कार्ड काढलं. वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीला अडले. गणेशनं तयार डिझाइन घेतलं होतं ना, त्यातलं पहिलं अक्षर बदलायचं राहून गेलं होतं. कै. नईम. आजूबाजूला झेंडूच्या माळा आणि समई. एवढे दिवस ते सगळ्यांनी, अगदी पान करताना मी सुद्धा, बघितलं होतं आणि कुणी बोललं नव्हतं.

“कै.?” बालाजी म्हणाला. “कैलासवासी नईम?”

आणि तो हसला. मग मीही हसले. हसता हसता तो थांबला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. 

“माझ्या डोक्यात अजून बसंना झालंय बग,” तो म्हणाला. “सलीमभाईनं सांगितलं, बायकोनं सांगितलं, आता तू सांगून राहिलीस. पर माझा फोन काय बोललाच न्हाई. मला सगळी दुनिया त्या फोनच्या आवाजात कळती. पगार झाला ते तोच सांगतो, पोरगी पास झाली ते बी त्यानंच सांगितलं. ह्या बाबतीत तो नुसता फोटो म्हणला. मग मला वाटतंय, खोटंच आसंल.”

मी फोनवरचं ते कार्ड बंद केलं.

“तू टाइप कर,” तो म्हणाला. “आत्ता. त्या दिवशी जसं यायला पाहिजे होतं तसं. मागून कळवल्यावानी न्हाई. तसंच.”

मी त्याच्यासमोर बसून टाइप करायला घेतलं. इतकी वर्षं मी लोकांच्या चित्रांना नावं देते, बटनांना लेबलं लावते, मला ते शब्द सापडेनात. दोनदा लिहून पुसलं. मग लिहिलं ते एवढंच, आणि पाठवलं.

त्याचा फोन वाजला. तुमचे फोन किती भरभर बोलतात ते मी ऑफिसात तुझ्या शेजारी बसून रोज ऐकलंय, तो वेग आमच्या कानाला नुसती गुणगुण वाटतो. बालाजीनं फोन हातात घेतला, अंगठ्यानं काहीतरी फिरवलं आणि वेग कमी केला. अगदी कमी केला, माझ्यासारखीलाही समजेल इतका. मग मेसेजवर बोट ठेवलं. तो कोरडा, बाईचा, कुणाचाच नसलेला आवाज खोलीत एकेक शब्द बोलला.

“बालाजी, नईम आज सकाळी गेला. मिट्टी असरनंतर आहे. लवकर ये.”

त्यानं परत बोट ठेवलं नाही. एकदाच ऐकलं. मग फोनवर काहीतरी टाइप केलं आणि माझ्या हातातला फोन थरथरला. त्याचं उत्तर आलं होतं.

‘निघालो.’

मी मान वर केली, तर तो खरोखर उठला होता आणि कोपऱ्यातली काठी घेऊन पायानं चपला शोधत होता. आतून त्याची बायको धावत आली, “अहो, कुठं निघालाव?” म्हणून विचारायला लागली. तो चपलेत पाय घालत म्हणाला, “नांदेडला. नईमला माती द्यायची हाय.”